सेल्फ कोणी मारला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. माझं वय आता सत्त्याहत्तर. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा गॅस बंद आहे का ते बघायला उठले. बंदच होता.

आधी आमच्या मिस्टरांबद्दल सांगते. त्यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर तोंडानं कधी नाही. इथं लिहिते — मधुकर. मोटर वाइंडिंगचं काम करायचे. म्हणजे जळालेली मोटर उघडायची, तिच्यातली तांब्याची जुनी तार काढायची आणि नवी तार वेढे मोजून गुंडाळायची. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, टेबलावरचे पंखे, जे येईल ते. सक्करदऱ्याला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढच्या अंगणात टिनाचं शेड, तेच दुकान. उमरेडपासून लोक मोटरी घेऊन यायचे. मधुकरनं बांधली म्हणजे दहा वर्षं पाहायचं काम नाही, असं म्हणायचे.

वेढे मोजताना ते बोलत नसत. ओठ नुसते हलायचे, आवाज नाही. मधे कोणी हाक मारली तरी उत्तर नाही. मोजणी चुकल्याची नुसती शंका आली तरी सगळी तार उकलून पुन्हा पहिल्यापासून. जेवण निवून जायचं. मला त्याचा राग यायचा — मोठा नाही, भातात खडा लागावा तेवढा. पण रोज खडा लागला तर? लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा. मुलगी दोन वर्षांची.

माझं माहेर कन्हानचं. आणीबाणीच्या आदल्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. मुलगा रेल्वेत होता, पर्मनंट. घरात सगळ्यांना त्याचं फार कौतुक. माझ्या लग्नात मोठ्या काकूनं म्हटलेलं माझ्या कानावर आलं होतं — पोरगी मॅट्रिक झाली आन् मिस्त्र्याच्या घरी दिली. चार वर्षं मी ते सांभाळून ठेवलं होतं. काही काही गोष्टी माणूस कशाला सांभाळून ठेवतो?

त्याच सुमारास गुलाबराव नावाच्या एका ठेकेदारांची गाडी आमच्याकडे आली. जुनी काळी विलायती गाडी, चार माणसांनी ढकलत आणलेली. तिचा सेल्फ गेला होता. सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर. ड्रायव्हरच्या समोर एक खटका असायचा. तो ओढला की ही मोटर फिरायची, तिचं लहान दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकात अडकायचं आणि इंजिन चालू व्हायचं. आमच्याकडे त्याला सेल्फ मारणं म्हणतात. इतक्या जुन्या गाडीचा नवा सेल्फ मिळत नव्हता, म्हणून यांनी गाडीतून काढून तोच पुन्हा बांधायचं कबूल केलं. गुलाबराव मोठ्या मनाचे. म्हणाले, रविवारपर्यंत झाला तर मधुकर, तुम्हीच घेऊन जा गाडी साक्षगंधाले. चालवून पाहणंही होऊन जाईल.

मी त्याच दिवशी माहेरी कार्ड टाकलं. रविवारी आम्ही गाडीनं येऊन राहिलो. एवढं एकच वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मोटर बांधून झाली. तो खटका ओढल्यावर बॅटरीचा करंट मोटरीपर्यंत सोडणारा एक स्विच असतो, तोही यांनी उघडून साफ केला, आतले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारे तुकडे, घासले. रविवारी सकाळी मोटर गाडीत बसवायला घेतली. कार्यक्रम चारचा होता. मी दहालाच तयार होऊन बसले. मोरपिशी साडी, डोक्यात गजरा. मुलीला शेजारी देवरावच्या घरी झोपवलं होतं. देवराव रेल्वेच्या शेडमधे फिटर, यांचा दोस्त.

बाराला सेल्फ बसला. यांनी मारला आणि गाडी एका दमात चालू झाली. मला वाटलं, झालं. मी पिशवीसुद्धा उचलली. तर यांनी गाडी बंद केली. म्हणाले, आवाज बरोबर नाही, खरखर करून राहिला. मोठ्या चाकाचे काही दाते झिजले असतील, पाहावं लागंल. मला काही खरखर ऐकू आली नव्हती.

ते गोणपाट टाकून गाडीखाली गेले. चाकावरचं पत्र्याचं झाकण खालून काढलं. इंजिनचे प्लग खाली जाण्याआधी काढून ठेवले होते, म्हणजे ते मोठं चाक हातानं सरकवता येतं. एकेक दाता फडक्यानं पुसायचा, बोटानं चाचपायचा, झिजलेल्यावर खडूची खूण करायची. मधून मधून सेल्फ मारून पाहायचा. त्यासाठी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गाडीखाली जाण्याआधी म्हणाले, "मी 'मार' म्हणीन तवाच मारजो वं. नाही त हात नको लावजो."

बॅटरीची तार त्यांनी काढली नव्हती. दर वेळी काढायची, लावायची, त्यात वेळ गेला असता — आणि खटक्यापाशी मीच तर बसले होते.

मी बसले. रेक्झिनची सीट तापलेली. दोनदा त्यांनी 'मार' म्हटलं, दोनदा मी मारला, ठीक झालं. मग बराच वेळ काही नाही. दीड वाजला. गजरा वाळायला लागला होता. मी म्हटलं, अहो, झालं का? उत्तर नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं.

मग मी खटका ओढला.

हे वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली, आणि बघा, तीन-चारच शब्द आहेत.

मोटर एकदम फिरली आणि अडकून थांबली. मी हात काढून घेतला. ओरडणं वगैरे काही ऐकू आलं नाही. खालून त्यांचा आवाज आला, हळू, जणू झोपेतला — देवरावले बोलाव.

देवराव जेवत होता, तो तसाच उष्ट्या हातानं धावत आला. मी गाडीतून उतरून पाण्याच्या टाक्याजवळ उभी होते. त्यांचा उजवा हात दोन चाकांच्या दात्यांत गेला होता. देवराव खाली वाकला आणि त्याला काय करावं सुचेना. तेव्हा यांनीच त्याला सांगितलं. मोटरच्या मागच्या बाजूले चौकोनी टोक आहे. तेरा-चौदाचा पाना लाव. उलटा फिरव. हळू. देवरावच्या हातातून पाना दोनदा पडला. यांनी दोन्ही वेळा तेच पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. हात सुटला. देवरावनं खांद्यावरचा दुपट्टा त्यावर गुंडाळला आणि कोणाला तरी रिक्षा आणायला पिटाळलं.

मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, सेल्फ कोणी मारला?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "आपोआप फिरला."

किती पटकन निघालं ते तोंडातून! मी ते आधी ठरवलं होतं का? नव्हतं ठरवलं. पण अडखळलेही नाही. घरात साखर आहे का, असं कोणी विचारावं आणि आपण नाही म्हणावं, तसं. ते तिथंच गोणपाटावर बसले होते, दुपट्टा धरून. त्यांनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहत होते.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, अंगठ्याजवळची दोन. तिसरं राहिलं, पण वाकडं. तार गुंडाळायची ती हीच बोटं. अकरा दिवस ते तिथं होते. चौथ्या की पाचव्या दिवशी — मी मोसंबी सोलत होते — त्यांनी मला विचारलं. नीट विचारलं. संशय नव्हता त्यात, मोटर बिघडली की गिऱ्हाइकाला विचारायचे तसं, आधी काय झालं, मग काय झालं.

"तुझा हात त नव्हता लागला खटक्याले? चुकून?"

चुकून. तो शब्द त्यांनीच माझ्यापुढे ठेवला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. चुकून लागला, पदर अडकला, काहीही. त्यांनी ते तेवढ्यावरच सोडून दिलं असतं, मी त्यांना ओळखत होते. मी म्हटलं, नाही.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग स्विचच चिकटला असंल. पॉइंट मीच घासले होते." आणि मी पुढं केलेली फोड घेताना, "तार काढाले पाहिजे होती वं."

त्या तारेला मीही मग धरून बसले. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा — एवढा जाणता माणूस, आन् बॅटरीची तार नाही काढली? मी ऐकायची, चहा द्यायची. तार काढली असती तर काहीच झालं नसतं हे खरंच होतं. खरं होतं म्हणूनच तर इतकं सोयीचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी देवरावला तो स्विच गाडीतून काढून आणायला सांगितलं. गुलाबराव म्हणाले, ठेवा, मी दुसरा बसवतो. मग जवळजवळ वर्षभर — मी वाढवून सांगत नाही — रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून तो स्विच उघडायचे. डाव्या हातानं. स्क्रू निसटायचे, मी शोधून द्यायची. पॉइंट उजेडात धरून बघायचे, स्प्रिंग दाबून बघायचे, तार लावून बल्ब पेटतो का, विझतो का, शंभर-शंभर वेळा. एकदाही चिकटला नाही. दर वेळी बरोबर. तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणायचे, कुठं चुकलं तेच दिसत नाही. मी पोळ्या लाटत असायची.

त्यात नसलेला दोष ते शोधत होते आणि तो कुठं आहे हे मला ठाऊक होतं. दोन हातांचं अंतर होतं आमच्यात. तुम्ही म्हणाल, तेव्हा तुला काय वाटत होतं? मला खरंच आठवत नाही. पोळी करपू नये असं वाटत होतं.

काम डाव्या हातानं जमलं असतं. देवराव म्हणायचा, मी येत जाईन तार धराले. पाच आठवडे खपून त्यांनी एक टेबलफॅन बांधला. उत्तम फिरत होता. गिऱ्हाईक न्यायला आलं तर दिला नाही. म्हणाले, अजून पाहून राहिलो. तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा सांगितलं की दुसरीकडून बांधून घ्या, मले या फॅनचा भरवसा नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, स्विच माझ्या हातचा होता ना. माझ्या हातचं कोणाच्या घरी नको.

त्या वर्षीच शेड रिकामं झालं. ते कळमन्याला एका दालमिलीच्या गेटवर लागले, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. डाव्या हाताचं अक्षर आधी पोरासारखं होतं, मग सुधारलं. मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल दिली, मुख्याध्यापिका बोलल्या की नवऱ्यावर असा प्रसंग आला तरी बाईंनी खंबीरपणे संसार उभा केला. ते पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. मी शाल घेतली.

आणि कुसुम. तिचं साक्षगंध त्या दिवशी झालं, आमच्याशिवाय. पण तिच्या सासरी ही बातमी त्याच रात्री पोचली. सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणायची, साक्षगंधाच्या दिवशीच बहिणीच्या नवऱ्याचा हात गेला म्हणून. पुढं तिचं पहिलं बाळ गेलं, तेव्हाही हेच निघालं. ती माहेरी आली की माझ्याजवळ बसून रडायची, ताई, माझ्यामुळंच भाऊजींचं असं झालं का वं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. म्हणायची, असं काही नसते. बस, एवढंच म्हणायची. तिला पुरेसं होईल इतकं सांगायला माझ्याजवळ एकच वाक्य होतं, आणि ते मी दिलं नाही. कुसुम अजून आहे. अजून मला फोन करते.

सांगायची संधी नव्हती असं नाही. मुलीच्या लग्नानंतर जावयानं गाडी घेतली. एकदा आमच्याकडे आला आणि गाडी चालू होईना, तर अंगणातच बॉनेट उघडून बसला. हे बाहेर गेले. त्याला म्हणाले, आधी बॅटरीची तार काढा जावईबापू. मग आपला हात वर धरून दाखवला आणि सगळी गोष्ट सांगितली. स्वतःवर हसत. मी पॉइंट घासले, मी तार ठेवली, असा मी शहाणा. जावई गंभीर होऊन ऐकत होता. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पूर्ण गोष्ट ऐकली. त्यात मी कुठंच नव्हते, नुसती गाडीत बसलेली होते.

आता राहिलेलं सांगते. मी अजून थांबून थांबून सांगते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

स्वतःला मी एक वेगळी गोष्ट सांगत आले. ती अशी की ते गाडीखाली झिजलेले दाते मोजत होते. एक, दोन, तीन, चार. त्यांनी 'चार' म्हटलं आणि मला 'मार' ऐकू आलं. उन्हानं डोकं तापलेलं, पत्र्याच्या गाडीत आवाज घुमतो — होऊ शकतं ना असं? ही गोष्ट मी इतक्या वेळा घोकली की तो 'चार' मला त्यांच्या आवाजात ऐकू यायला लागला. सत्य सांगायची वेळ आलीच तर हे सांगायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. म्हणजे कबुलीजबाबातसुद्धा एक खोटं तयार ठेवलं होतं.

ते मोजताना बोलत नसत. मी वर लिहिलंच आहे. चार वर्षं त्याच गोष्टीचा राग होता मला, आणि तेव्हाच ते मोठ्यानं मोजतील?

गाडीखाली सामसूम होती. मी तीनदा विचारलं आणि तीनदा उत्तर आलं नाही. कन्हानला काकू दाराशी येऊन रस्त्याकडे बघत असेल, असं माझ्या डोळ्यांपुढे होतं. ते खाली आहेत हे मला माहीत होतं. हात नेमका कुठं आहे ते माहीत नव्हतं — पण मी विचारलंही नाही. मला वाटलं, दचकतील. आवाजानं दचकून तरी बाहेर येतील. म्हणून ओढला. चुकून नाही. हात लागून नाही. ऐकण्यात गफलत होऊन नाही. त्यांना दचकवायला ओढला.

आणि ओढताना, त्या एका क्षणापुरतं, मला बरं वाटलं होतं.

ते जाऊन सहा वर्षं झाली. झोपेत गेले, त्रास झाला नाही. तेरवीला बरेच लोक आले होते, दालमिलीतले, शाळेतले, उमरेडचे दोघं म्हातारे ज्यांच्या गिरणीची मोटर यांनी बांधली होती आणि अजून चालू होती. देवराव आला नव्हता, तो त्यांच्या आधीच गेला. जेवणं झाल्यावर सगळे बसले होते. मुलगी बोलत होती, डोळे पुसत. म्हणाली, बाबांची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही, त्यांनी आपली चूक कधी दुसऱ्यावर ढकलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, हो ना आई?

मी हो म्हटलं.